म्हाइंभट : एका पंडिताची साधी मराठी

एम. ए. भाग २ (मराठी)

माझ्या लघुप्रबंधाशी वाचकांना काही कर्तव्य नाही, हे मी जाणून आहे. तरीही या लेखाचा आरंभ तेथूनच करावा लागतो. म्हाइंभट हे नाव मी बी. ए. पासून ऐकत आले होते, परीक्षेत त्यांच्यावर दोनदा टीपही लिहिली होती; परंतु त्यांची माझी खरी ओळख झाली ती परत आलेल्या एका प्रकरणामुळे.

लघुप्रबंधाचा विषय होता लीळाचरित्राची रचना. बावीस पानांचे पहिले प्रकरण मी मोठ्या कष्टाने सिद्ध केले होते. विषयासाठी कष्ट थोडे आणि भाषेसाठी फार, हे आज कबूल करायला हरकत नाही. माझ्याजवळ एक वही होती. ग्रंथालयातल्या जाड पुस्तकांत एखादा भारदस्त शब्द दिसला, की तो मी त्या वहीत टिपून ठेवीत असे. परिप्रेक्ष्य, अनुबंध, आकृतिबंध, उपयोजन, प्रत्ययकारी असे दीडदोनशे शब्द जमले होते आणि त्यांतला एकही वाया जाऊ नये याची मी दक्षता घेतली होती.

यालाही कारण होते. मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरी मला म्हणत नाहीत, मले म्हणतात. जात आहे म्हणत नाहीत, जाऊन रायली म्हणतात. अकोल्याला बारावी होईपर्यंत त्याचे काही वाटले नाही. अमरावतीला आले आणि पहिल्याच महिन्यात वर्गात उत्तर देताना तोंडून मले निघून गेले. मागच्या बाकांवर हशा पिकला. हसणारे तरी कोण? दर्यापूरचे आणि अचलपूरचेच! परंतु त्या दिवसापासून मी पुस्तकी भाषा अंगावर घेतली. लग्नाला जाण्यासाठी शेजारणीकडून मागून आणलेला शालू अंगावर घ्यावा तशी. शालू भारी असतो, पण तो नेसून मोकळेपणाने बसता येत नाही.

प्रकरण परत आले तेव्हा त्यावर एकही खोड नव्हती. सरांनी शिसपेन्सिलीने समासात तीनच प्रश्न लिहिले होते आणि तेच पुन्हा पुन्हा लिहिले होते. कोणी? कोणाला? कशावरून? पुढे गुण नाहीत, शेरा नाही, सही नाही.

दिवाळीच्या सुटीत मी ती बावीस पाने घरी नेली. आजी ओसरीत वाती वळत बसली होती. तिला मी दोन पाने मोठ्याने वाचून दाखविली. खरे म्हणजे तिने कौतुक करावे एवढीच अपेक्षा होती. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की हा माणूस कोण होता, कोणत्या गावचा होता आणि तो काम काय करत होता. मला राग आला. इयत्ता चौथीच्या पुढे न गेलेल्या बाईला संशोधनातले काय कळणार, असेही मनात येऊन गेले. परंतु रात्री दिव्याखाली मी पाने चाळली आणि गप्प झाले. आजीच्या तीन प्रश्नांची उत्तरे बावीस पानांत कोठेच नव्हती. सरांचे तीन प्रश्न आणि आजीचे तीन प्रश्न वेगळे नव्हते.

त्या पानांतले एक वाक्य नमुन्यादाखल देते. चरित्रकाराकडून व्यक्तिसापेक्ष व स्मृतिनिष्ठ साधनसामग्रीचे प्रत्ययकारी उपयोजन करण्यात आल्याचे या परिप्रेक्ष्यात निदर्शनास येते. याचा अर्थ काय? म्हाइंभटांनी लोकांना विचारून लिहिले. एवढाच! आणि असे साधे लिहिताच वाक्य उघडे पडले. कोणत्या लोकांना विचारले? कोठे जाऊन विचारले? दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितले तर काय केले? यांतले मला काहीच ठाऊक नव्हते. भारी वाक्याने माझे अज्ञान झाकले होते. ते झाकण काढल्यावर म्हाइंभटांचा शोध घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आता आजीच्या प्रश्नांच्या क्रमानेच सांगते.

म्हाइंभट हे तेराव्या शतकातले. देवगिरीला यादवांचे राज्य होते. मूळ गाव गोदावरीच्या परिसरातील सराळे. जन्माने ब्राह्मण आणि शिक्षणाने शास्त्री. न्याय आणि मीमांसा ही शास्त्रे त्यांनी अभ्यासली होती आणि प्राभाकर मीमांसेत त्यांचा विशेष अधिकार होता. त्या काळी विद्या म्हणजे संस्कृत विद्या. वाद करावयाचा तो संस्कृतात, ग्रंथ रचावयाचा तो संस्कृतात. यादवांच्या दरबारातील हेमाद्री पंडित याच सुमारास चतुर्वर्गचिंतामणीसारखा प्रचंड ग्रंथ संस्कृतात सिद्ध करीत होता. म्हाइंभट त्याच जगातले होते आणि त्या जगात त्यांचा दबदबा होता.

त्यांच्या गर्वाची एक कथा परंपरेत सांगतात. आपल्या तोडीचा पंडित नाही हे लोकांना दिसावे म्हणून ते भर दिवसा दिवटी पेटवून हिंडत आणि इतर सारे तृणवत म्हणून पायांत गवताचे तोडे बांधीत. अशा कथांत थोडी अतिशयोक्ती असायचीच. परंतु मला ही कथा वाचताना हसू आले नाही; माझी शब्दांची वही आठवली. उजेड पडावा म्हणून दिवसा कोणी दिवटी लावत नाही. ती लावायची, लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणून.

त्याच काळात गोदाकाठी आणि वऱ्हाडात एक वेगळाच पुरुष हिंडत होता. श्रीचक्रधर. मूळ गुजरातेतील भडोचचे, प्रधानाच्या घरात वाढलेले. सर्व सोडून ते वऱ्हाडात आले आणि रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले. गोविंदप्रभूंना त्यांनी गुरू मानले आणि पुढे महानुभाव पंथ उभा राहिला. चक्रधरांची जन्मभाषा मराठी नव्हती आणि संस्कृतही त्यांना अवगत होते; परंतु ते बोलले मराठीत. समोर येणाऱ्यांत पंडित होते तशा विधवा बाया होत्या, शेतकरी होते, नाना जातींचे लोक होते. या सर्वांना एकदम कळेल अशी एकच भाषा होती. लोणार, मेहकर, रिद्धपूर, पैठण अशा गावांतून, वाटेवरच्या देवळांतून त्यांनी जे सांगितले, ते अवघड तत्त्वज्ञान होते. परंतु त्यांनी ते दृष्टान्त देऊन, लहान लहान वाक्यांत सांगितले.

अशा माणसाशी वाद घालावा आणि त्याला जिंकावे, या ईर्ष्येने म्हाइंभट डोमेग्रामला आले. हे गावही गोदावरीच्या काठचेच. वाद झाला आणि पंडित निरुत्तर झाले. मला यात चमत्कार दिसत नाही. शास्त्रार्थात प्रतिपक्ष कोणते वचन काढील हे म्हाइंभटांना ठाऊक असायचे. त्याला तोड काढण्याची सवय होती. परंतु समोरचा माणूस वचनांच्या आडोशाला न जाता थेट प्रश्नच विचारू लागला, तर काय करावे, याची सवय नव्हती. सरांच्या तीन प्रश्नांपुढे माझी जी गत झाली, तीच थोड्या मोठ्या प्रमाणावर त्या महापंडिताची झाली असावी, असे मला वाटते. म्हाइंभटांचे मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे. हरल्यावर ते घरी जाऊन दुसरी युक्ती शोधत बसले नाहीत. ते चक्रधरांचे शिष्य झाले.

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेल्या मंडळींची दशा दीनवाणी झाली. भटोबास, म्हणजे नागदेवाचार्य, यांच्यासह पुष्कळजण रिद्धपूरला आले आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहू लागले. म्हाइंभटही आले. सर्वांजवळ एकच धन होते : आठवणी. कोणाला चक्रधरांनी काय सांगितले, कोणत्या देवळात ते उतरले, कोणाच्या हातचे जेवले, कोणावर रागावले. या आठवणी माणसांबरोबर नाहीशा होणार, हे म्हाइंभटांच्या ध्यानात आले. त्यांनी त्या लिहून ठेवण्याचे मनावर घेतले, आणि भटोबासांनी त्यांना साथ दिली.

रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी दोघे बसत. भटोबास आठवून सांगत, म्हाइंभट लिहून घेत. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याच्यासमोर घटना घडली, ज्याला चक्रधर स्वतः काही बोलले, त्या त्या माणसाकडे ते गेले. गावोगाव हिंडले. चक्रधरांच्या परिवारात स्त्रिया पुष्कळ होत्या. त्यांपैकी महदाइसा ही तर प्रश्न विचारण्यात अशी चिकाटीची, की खुद्द चक्रधरांनी तिच्या जिज्ञासेची वाखाणणी केली होती. रिद्धपूरला धवळे रचणारी मराठीतली आद्य कवयित्री ती हीच. तिच्यासारख्यांच्या आठवणीही ग्रंथात आल्या. क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढे आणा. ज्याने उभ्या जन्मात पंडितांवाचून कोणाला प्रतिष्ठा दिली नाही, तो मीमांसक आता बायाबापड्यांपुढे बसून, पुढे काय झाले, असे विचारीत आहे आणि त्या सांगतील ते खाली मान घालून लिहून घेत आहे.

यातून जो ग्रंथ झाला तो लीळाचरित्र. त्याचा काळ सामान्यतः इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही सुमारे बारा वर्षे आधीचा. मराठीतला पहिला चरित्रग्रंथ आणि गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, ही दोन्ही बिरुदे परीक्षेत आपण लिहितोच. परंतु तो वाचताना माझ्या मनात भरल्या त्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट, लेखक कोठेच मध्ये येत नाही. घटना कोठे घडली, तेथे कोण होते, कोणी विचारले, चक्रधरांनी काय उत्तर दिले, एवढे सांगून म्हाइंभट बाजूला होतात. चक्रधर हे त्यांच्या दृष्टीने साक्षात परमेश्वर. तरीही विशेषणांची खैरात नाही. दुसरी गोष्ट, एकाच घटनेच्या दोन आठवणी मिळाल्या, तर त्यांतली एक खोटी ठरवून काढून टाकलेली नाही. अमका असे सांगतो, तमका तसे सांगतो, अशी नोंद शेजारी शेजारी ठेवलेली आहे. अशा वेगळ्या आठवणीला महानुभाव ग्रंथांत वासना असा शब्दच आहे. आज आपण ज्याला पाठभेद आणि साधनचिकित्सा म्हणतो, त्याचे बीज येथे आहे. तिसरी गोष्ट परिभाषेची. लीळाचरित्राची भाषा साधी आहे, पण ती ओसरीवरची गप्पांची भाषा नव्हे. चक्रधरांच्या भोजनाला आरोगणा, निद्रेला पहुड, फिरण्याला विहरण असे ठरलेले शब्द आहेत आणि ते सर्वत्र त्याच अर्थाने येतात. एकदा आरोगणा आणि पुढे उगीच शोभेसाठी दुसरा शब्द, असे होत नाही. औपचारिक भाषा म्हणतात ती हीच नव्हे काय?

गोविंदप्रभूंच्या निधनानंतर त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनी लिहिले. त्यात तीनशेहून अधिक लीळा आहेत. येथे तर लेखकाची खरी कसोटी होती. गोविंदप्रभू जवळच्याच काटसुरे गावचे आणि रिद्धपूरला वाढलेले. ते वेड्यासारखे वागत. रस्त्यावर मुलांत खेळत, कोणाच्याही घरात शिरून खात, वाटेल त्याला शिव्या देत. त्यांचे बोलणे तुटक, गावरान. एखाद्या शास्त्र्याने ते सारे शुद्ध करून, वेदान्ताचा मुलामा देऊन लिहिले असते. म्हाइंभटांनी ते बोलणे जसेच्या तसे ठेवले. म्हणूनच सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या रस्त्यावर माणसे कशी बोलत असतील याची चाहूल आज आपल्याला लागते. मले म्हटल्यावर वर्गात हसू आले त्या मुलीला हे वाचून काय वाटले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

परंतु येथेच माझी दुसरी चूक झाली. म्हाइंभट साधे लिहितात, तेव्हा आपणही साधे लिहायचे, असे ठरवून मी प्रकरण पुन्हा लिहिले आणि दुसऱ्या टोकाला गेले. म्हाइंभट म्हणजे एकदम जबरदस्त माणूस, त्यांनी तर कमालच केली, असली वाक्ये घातली. दोन ठिकाणी मुद्दाम वऱ्हाडी शब्द पेरले. आता मला लाज वाटत नाही हे दाखविण्यासाठी! सरांनी तेही परत केले. समासात तेच तीन प्रश्न. मी हिरमुसले. भारी लिहिले तरी चालत नाही आणि साधे लिहिले तरी चालत नाही, मग लिहावे कसे, असे मी विचारले. सरांनी उत्तर दिले नाही. स्मृतिस्थळ वाचून ये एवढेच सांगितले.

स्मृतिस्थळ हा नागदेवाचार्यांच्या आठवणींचा ग्रंथ. त्यात केसोबासांची हकीकत आहे. केसोबास हेही म्हाइंभटांसारखेच मोठे संस्कृत पंडित. त्यांनी चक्रधरांच्या लीळांवर रत्नमाला नावाची संस्कृत रचना केली. रचना चांगली होती. परंतु नागदेवाचार्यांनी त्यांना पुढे संस्कृतात लिहू नये असे सांगितले. कारण असे दिले, की त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील. आणखी एकदा केसोबास आणि पंडित दामोदर संस्कृतात शंका विचारू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. चक्रधरांनी आपल्याला मराठीत शिकविले, तेव्हा मराठीतच विचारा, असा त्यांचा आग्रह होता. केसोबासांनी हे मानले. लीळाचरित्रातून चक्रधरांची वचने निवडून त्यांनी सूत्रपाठ रचला, आणि एकशे चौदा दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ मराठीत सिद्ध केला.

ही हकीकत आपण सर्वांनी वाचलेली असते आणि तिचा अर्थ आपण मराठीचा अभिमान एवढाच लावतो. मला त्यात आणखी काही दिसले. आचार्यांनी केसोबासांना शास्त्र सोडा असे सांगितले नाही. सूत्रपाठ हा सोपा ग्रंथ नव्हे. एकेका लहान वाक्याचा अर्थ लावण्यासाठी पंथातल्या विद्वानांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या टीका लिहिल्या. म्हणजे विषय अवघड राहिला, शिस्त कडक राहिली. गेला तो फक्त आडपडदा. आणि म्हाइंभटांनी पंडिती टाकली असे जे आपण म्हणतो तेही पूर्ण खरे नाही. मीमांसेने त्यांना एकेक शब्द तोलायला शिकविले होते. वचन नेमके काय आहे, कोणाचे आहे, त्याचा अर्थ कोठवर जातो, हे पाहणे हाच तर मीमांसकाचा धंदा. ते सारे त्यांनी लीळाचरित्रात वापरले. टाकली ती दिवटी.

माझ्या दोन्ही प्रकरणांत काय चुकले होते ते आता उमगले. पहिल्यात मी शब्द मिरविले, दुसऱ्यात साधेपणा मिरविला. दोन्ही वेळी वाचकापुढे म्हाइंभट नव्हते, मीच होते. शास्त्रीय लेखनाची भाषा औपचारिक असावी असे शिक्षक सांगतात, ते योग्यच आहे. परंतु औपचारिक म्हणजे अवघड नव्हे. ज्याने सांगितले त्याचे नाव घेणे, संज्ञा एकच ठेवणे, ठाऊक आहे तेवढेच म्हणणे आणि आपण बाजूला उभे राहणे, या चार रीती पाळल्या की भाषा आपोआप औपचारिक होते. त्यानंतर शब्द तत्सम आला काय आणि घरातला आला काय, वाचकाची तक्रार नसते.

या चरित्राला एक विषादाची बाजूही आहे. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी स्मरणातून तो पुन्हा उभा केला. हिराइसा नावाच्या स्त्रीच्या स्मरणावर आधारलेला पाठ त्यांतलाच एक. म्हाताऱ्या बायकांसाठी ज्या भाषेचा आग्रह धरला, त्या भाषेतला ग्रंथ वाचविण्याला एका बाईची स्मरणशक्ती कामी आली! परंतु पुढे चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहावयास आरंभ केला. एका अक्षरासाठी दुसरे अक्षर, अशी ती सांकेतिक लिपी. ग्रंथांचे रक्षण व्हावे, त्यांत कोणी भेसळ करू नये, हा हेतू असेल. ग्रंथ टिकले हे खरे. पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला सुमारे सहाशे वर्षे ते दुरावले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीची उकल केली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी पुढचे काम केले. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांनी जन्मभर महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास केला आणि त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. आज ते आपल्या हाती आहे, यामागे एवढ्या लोकांचे श्रम आहेत.

सकळ लिपीबद्दल वाचताना मला वाटले, आपणही आज एक सकळ लिपी वापरतो. फरक इतकाच, की महानुभावांच्या सकळ लिपीत आत काही जपलेले होते. आपण अवघड शब्दांची कुलपे लावतो आणि पुष्कळदा कोठी रिकामी असते. माझी होती.

जानेवारीत मी रिद्धपूरला जाऊन आले. अमरावतीहून एस. टी. ने निघाले. मोर्शी तालुक्यातला तो भाग संत्र्यांच्या बगिच्यांचा. गावात राजमठात गेले, वाजेश्वरीला गेले. यात्रेकरूंमध्ये आजीच्याच वयाच्या कितीतरी बाया होत्या. एका बाईने मला कोठून आलीस, काय शिकतेस, असे विचारले. मी म्हाइंभटांवर लिहीत आहे म्हटल्यावर तिने त्यांची हकीकत मलाच सांगावयास सुरुवात केली, वऱ्हाडीत, कोठेही न अडखळता. मी वही काढली. शब्दांची ती जुनी वही नव्हे, दुसरी, कोरी. आणि ती सांगेल ते लिहून घेऊ लागले. लिहिता लिहिता थांबून मी तिला विचारले, की हे तिने कोणाकडून ऐकले. ते वाक्य तोंडातून गेल्यावर मला सरांची पेन्सिल आठवली.

मराठी भाषा विद्यापीठ आता याच रिद्धपूरला स्थापन झाले आहे, आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आपल्या जिल्ह्याला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे पुढे जे प्रबंध लिहिले जातील, ते त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना कोणी वाचून दाखविले तर त्यांना कळतील काय, हा प्रश्न राहतोच. प्रत्येक प्रबंध प्रत्येकाला कळला पाहिजे असे मी म्हणत नाही. व्याकरणातली आणि तत्त्वज्ञानातली काही स्थळे अवघड असणारच. परंतु ती विषयामुळे अवघड असावीत, लिहिणाऱ्याच्या भीतीमुळे नव्हे. मी भारी का लिहीत होते? मागच्या बाकावरच्या हसण्याच्या भीतीने. आपल्या वऱ्हाडातल्या अनेक मुलामुलींची हीच गोष्ट आहे. आपण घरची भाषा लपवितो, परकी धड येत नाही, आणि मधल्या मध्ये सांगायचे तेच राहून जाते.

लघुप्रबंधाचे ते प्रकरण मी तिसऱ्यांदा लिहिले. बावीस पानांची नऊ झाली. नऊच कशी, याची मला चिंता वाटत होती, कारण बरोबरच्या मैत्रिणींची प्रकरणे तीस तीस पानांची होती. सरांनी ते ठेवून घेतले. समासात पेन्सिलीची एकच खूण होती. सातव्या पानावर, कशावरून? मी पाहिले. खरोखरच तेथे माझ्याजवळ आधार नव्हता. ते वाक्य मी काढून टाकले.

उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा ती नऊ पाने आजीला वाचून दाखविली. या वेळी ती मध्येच बोलली. त्या पंडिताने बायांचेही सांगणे लिहून घेतले हे खरे काय, असे तिने विचारले. मी हो म्हटले आणि महदाइसेची हकीकत सांगितली. आजी थोडा वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, की असा माणूस आपल्याकडे आला असता तर तिच्याजवळही सांगण्यासारखे पुष्कळ होते.

मी आत जाऊन कोरी वही घेऊन आले.